शेगडीतली कुंभारीण

पडदा वर जातो तेव्हा समोर फक्त एक शेगडी दिसते. बंगल्याच्या मागच्या पडवीत, पत्र्याच्या सावलीत, चाकांवर उभी. अंगावर काळा जाड कपडा, पायाशी गॅसचा लाल सिलिंडर. डाव्या विंगेत जांभळाचं झाड. उजव्या विंगेत नळ, आणि नळाखाली कायम ओली असणारी मातीची पट्टी. वेळ वैशाखातल्या सकाळची. प्रेक्षागृहात मी एकटी, शेजारच्या माझ्या ओट्यावर, वेताच्या खुर्चीत, चहाचा कप घेऊन. मग उजवीकडून विमलबाई येतात. एका हातात बादली, दुसऱ्यात तारेचा ब्रश, काखेत नारळाचा काथ्या भरलेली पिशवी. पहिलं वाक्य नवऱ्याला उद्देशून, नवरा समोर नसताना.

"नळ सोडून ठिवलाय आन् मानूस गायब. आवं, ऐकताव का? पानी काय आपल्या पायानं बादलीत येनार हाय?"

झाडामागून येसाजींचा आवाज येतो, "आलो गं, आलो. तू बोलत रहा, मी येतो."

माझं आयुष्य नाटक कंपनीच्या बसमध्ये गेलं. नायिकेची मावशी, नायकाची वहिनी, खानावळवाली, नर्स, अशा भूमिका मी करत आले. प्रवेश कोण कसा घेतो हे बघायची खोड त्यामुळे अजून आहे. विमलबाईंसारखा प्रवेश घेणारी माणसं मी फार थोडी पाहिली. त्या आल्या की जागा भरल्यासारखी वाटते.

बंगला त्यांचा नाही. तो पनवेलच्या तौकीरशेठचा. कर्जतहून खोपोलीकडे जाताना पळसदरीच्या आसपास असे पुष्कळ बंगले झाले आहेत. मालक शनिवारी येतात, सोमवारी जातात, आणि उरलेले दिवस बंगला राखणाऱ्या विमलबाई आणि येसाजींचा असतो. शेगडीही तौकीरशेठनीच आणलेली. ते तिला ग्रिल म्हणतात. विमलबाई शेगडी म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी ती शेगडीच शोभते. चार बर्नर, वर लोखंडी जाळ्या, त्यावर झाकण. थंडीत तिच्यावर कबाब, कोंबडी, मक्याची कणसं, पनीर, जे म्हणाल ते भाजून निघतं.

शेगडीबरोबर एक पुस्तिका आली होती. त्यात हिवाळ्यासाठी शेगडी साफ करून कशी ठेवायची याची चित्रं होती, आणि पहिल्याच चित्रात बर्फ पडत होता. मी ते विमलबाईंना वाचून दाखवलं तर त्या कितीतरी वेळ बर्फाकडे बघत राहिल्या.

"थंडीत शेगडी बंद करत्यात?" त्या म्हणाल्या. "मंग पावनं आल्यावर करत्यात काय? बरफ भाजत्यात?"

म्हणून आमच्याकडे पुस्तिकेतलं सगळं तसंच होतं, फक्त वैशाखात. पावसाचे चार महिने शेगडी झोपते. त्याआधी ती एकदा पूर्ण पेटवायची, झाकण लावून खूप तापवायची, म्हणजे वर्षभराचं चिकटलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. मग गॅस बंद, शेगडी गार, आणि ब्रशने घासणं. बर्नरच्या नळ्या काढून आतून झटकायच्या, खालचा तेलाचा ट्रे धुवायचा, जाळ्यांना तेलाचा हात फिरवायचा, सिलिंडर सोडवून बाहेर उघड्या शेडमध्ये ठेवायचा आणि शेगडी विटांवर चढवून कोठीत. विमलबाई हे दरवर्षी करतात. घासण्यात त्या कोणाला हार जात नाहीत. तरुणपणी त्यांनी माथेरानच्या एका हॉटेलात सीझनभर भांडी घासली आहेत. खालापूर तालुक्यातलं आपलं माहेर, तिथली शेती, लग्न, हे सगळं त्या दोन वाक्यांत संपवतात, पण त्या हॉटेलातल्या मोठ्या कढयांबद्दल विचारा, दुपार पुरत नाही. "त्या कढईत मी बसून घासायची, माई. आत बसून. वरून बगनाराला नुस्तं डोकं दिसायचं."

आता या बाईंचं माझ्यावर काय ऋण आहे तेही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नवरा गेल्यावर मी इथे एकटी राहायला आले, आणि आल्या आल्या घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशननंतर चालायला सांगितलं होतं. मी चालेना. भीती बसली होती. विमलबाई रोज संध्याकाळी काम आटपून यायच्या, माझा हात धरायच्या आणि म्हणायच्या, "एक डायलॉक म्हना आन् एक पाऊल टाका." मी जुन्या भूमिकांमधली आठवतील ती वाक्यं म्हणायची आणि पाऊल टाकायची. खानावळवालीच्या वाक्यावर त्यांना फार हसू यायचं, म्हणून ते मी पुन्हा पुन्हा म्हणायची. तशी तशी मी कुंपणापर्यंत गेले, मग फाटकापर्यंत, मग रस्त्यापर्यंत. माझ्या वाट्याला आलेला सगळ्यात चांगला प्रेक्षक म्हणजे विमलबाईच.

तर त्या सकाळी विमलबाईंनी कपडा काढला, झाकण उघडलं, जाळ्या उचलून बाजूला ठेवल्या आणि पेटवायच्या आधी सवयीने खाली वाकून नळ्यांच्या तोंडात पाहिलं. आणि तशाच वाकून राहिल्या. मला वाटलं कंबर धरली. मी हाक मारणार तेवढ्यात त्या सावकाश उठल्या, जाळ्या होत्या तशा ठेवल्या, झाकण लावलं, वर कपडा घातला, आणि माझ्या ओट्याच्या पायरीवर येऊन बसल्या.

"कुंभारनीनं घर केलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नळीत. ओली माती हाय अजून."

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी. नळाखालची ओली माती तोंडात धरून नेते आणि भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत, कुठे आडोसा मिळेल तिथे मातीचं घर बांधते, आत अंडं घालते आणि पिल्लाच्या खाण्यासाठी कोळी भरून ठेवते. ती ज्या घरात घर करते त्या घरात पाळणा हलतो असं इकडे मानतात. ते घर मोडत नाहीत. पिल्लू आपणहून भोक पाडून उडून जाईपर्यंत त्याला हात लावत नाहीत.

विमलबाईंच्या घरात पाळण्याची वाट किती पाहिली जात होती हे मला माहीत होतं. त्यांचा मुलगा स्वप्नील त्यांच्याबरोबरच राहतो, साजगावच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. सून छाया शेलूची. शांत, कामाची, हसली की गालात खड्डा पडणारी. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. आता पुन्हा दिवस होते, आणि आधी जे घडलं ते ज्या सुमाराला घडलं होतं तोच सुमार आला होता. डॉक्टर चांगले होते, गोळ्या चालू होत्या. पण विमलबाई रात्रीच्या उठून सुनेच्या दाराशी उभ्या राहून कानोसा घेतात हे येसाजींनी मला सांगितलं होतं.

"मागल्या दोन टायमाला नव्हतं केलं तिनं घर," विमलबाई म्हणाल्या. "मी बगितलं होतं. समदी घरं बगितली होती, तुमचंबी. नव्हतं."

 

"छायाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "आस लागते मानसाला."

अडचण तौकीरशेठची होती. या खेपेला ते थेट रविवारी बंगला पावसाळ्यासाठी बंद करायला येणार होते आणि शेगडी त्यांना तयार हवी होती. मालक प्रेमळ, पण शेगडीच्या बाबतीत काटेकोर. एका वर्षी उंदरांनी गॅसची नळी कुरतडली होती, तेव्हापासून ते प्रत्येक बर्नर स्वतः पेटवून बघतात आणि मगच कोठीला कुलूप लावतात. विमलबाईंनी त्यांना आजवर कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं.

"तुमी फोन करा, माई," त्या म्हणाल्या. "तुमी नाटकातल्या. तुमाला काय बी सुचंल."

"आणि काय सांगू?"

"ते मला म्हाईत असतं तर मीच नसता केला?"

मी फोन लावला. दुपारची वेळ, ओट्यावर आम्ही दोघी, आणि मला नीट ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला. मी खाकरले, खानावळवालीचा नाही, वहिनीचा आवाज लावला. "तौकीरशेठ, एक विनंती आहे. यंदा शेगडी जरा उशिरा आवरली तर चालेल का? शेगडीत सध्या कोणीतरी राहायला आलंय."

"कोण राहायला आलंय, माई?" ते हसत म्हणाले. "भाडं देतंय का?"

"बाळंतीण आहे. अजून काही दिवस तरी हलवता येणार नाही."

"मांजर?"

मी विमलबाईंकडे पाहिलं. त्यांनी मांजर, मांजर असं खुणावलं. पण खोटं बोलायला मला संहिता लागते, ती नव्हती. मी 'कुंभारीण, नळीत' असं खरंच सांगून बसले.

पलीकडचं हसू थांबलं. "नळीच्या आत? माई, मग कुणी पेटवायची नाही. अजिबात नाही. नळी बंद असली ना, तर गॅस पुढं जात नाय, मागं येतो. आग उलटी बटणापाशी येते. आमच्या ओळखीत एकाचा हात असाच भाजला, इथपर्यंत. विमलबाईला सांगा हात लावू नको. रविवारी मी येतो, तार घालून मीच साफ करतो. दोन मिनिटाचं काम."

"तार घालून," विमलबाई पुटपुटल्या.

फोन ठेवला तेव्हा मागे कपबशीचा आवाज झाला. छाया आमच्यासाठी चहा घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने चहा ठेवला, सासूकडे पाहिलं, आणि परत बंगल्याकडे गेली.

"झाला उपाय," विमलबाई म्हणाल्या. "मोट्या नाटकवाल्या. मांजर म्हनता आलं नाय."

पण हार मानतील तर त्या विमलबाई कुठल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचा बेत ठरला. शनिवारी त्या आगोटीच्या खरेदीला कर्जतला जाणारच होत्या. आगोट म्हणजे पावसाआधीची भरती: सुकट, बोंबील, मसाला, कांदे. तिथून आल्यावर त्या शेगडी स्वतः पेटवणार होत्या. तीन बर्नर पेटवायचे, कुंभारणीचा चौथा बंद ठेवायचा, मंद आचेवर काम उरकायचं, घासायचं, बांधायचं, कोठीत नेऊन ठेवायचं. रविवारी मालक आले की शेगडी विटांवर, दोरीने गच्च बांधलेली, आणि 'साफ केली' म्हणून सांगायचं. कोण पुन्हा सोडतंय?

"विमलबाई, त्यांनी हात भाजल्याचं सांगितलंय," मी म्हणाले.

"चौथा बंद ठिवनार हाय ना मी."

येसाजी म्हणाले, "बंद ठिवला तरी बाजूचा जाळ लागंलच की. घर भाजंल नायतर तू भाजशील."

"तुमी भाजी निवडा," विमलबाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी दोघं नवराबायको टेंपोत बसून कर्जतला गेली. स्वप्नील कामावर होता. मी ओट्यावर होते. थोड्या वेळाने छाया मागच्या दाराने बाहेर आली, शेगडीजवळ गेली आणि कपडा काढला. तिच्या हातात पाना होता. सिलिंडरचा नॉब तिने आधी बंद केला, मग गॅसची नळी सोडवली. मी उठून उभी राहिले.

"माई," ती मान वर न करता म्हणाली, "बगायचं तर बगा. पन हाक मारू नका."

मी काठी घेतली आणि तिच्याकडे गेले. तिच्या हातून ते होऊ नये म्हणून मी गेले होते, असं मी आता म्हणू शकते. पण जवळ गेल्यावर मी तिला बर्नरच्या नळीचं दुसरं टोक धरून दिलं.

"तुला माहीत आहे ना हे काय आहे?"

"शेलूलाबी कुंभारीन असती, माई." ती स्क्रू फिरवत होती. "मला पयल्या दिवशीच कळलं. आत्याबाई सारख्या नळापाशी जायच्या, माशी बगायच्या, आन् मला बगून हसायच्या. आमच्या आत्याबाई कदी अशा उगीच हसत नाय."

"मग राहू दे की. काहीतरी वाट काढू."

तिने हात थांबवला. "दोन येळा गेलं तवा लोक काय काय बोललं. माझ्या माहेरचीबी. आत्याबाईंनी मला एक शबुद नाय लावला. मला दवाखान्यातून आनलं आन् माज्या अंथरुनाशी खाली झोपल्या. किती दिवस झोपल्या मी मोजलं नाय." ती पुन्हा स्क्रूकडे वळली. "आता मातीच्या घरापायी हात जाळून घेनार. मी घरात बसून बगू?"

नळी निघाली. तिने एक लांब काडी घातली, हळूहळू फिरवली, आणि मातीचं घर अंगठ्याएवढं, एका बाजूने फुटून, बाहेर आलं. आत बारीक हिरवे कोळी कोंबलेले होते आणि त्यांच्यामध्ये एक पिवळट अळी. जिवंत होती. छाया तिच्याकडे बघत राहिली. मग तिने तो सगळा तुकडा उचलून जांभळाच्या बुंध्याशी, एका फटीत ठेवला आणि वर थोडी ओली माती लावली.

"जगनार नाय ती," ती म्हणाली. "पन उगड्यावर नको."

मग तिने नळी घासली, पाणी सोडून आरपार पाहिलं, उन्हात वाळवली, पुन्हा बसवली. सिलिंडर लावला, मला लांब उभं केलं आणि लांब काडीने एकेक बर्नर पेटवला. चारी निळे लागले. झाकण लावून तापवत ठेवलं, आणि गार झाल्यावर ती घासायला बसली. विमलबाईंच्याच पद्धतीने, काथ्या आणि राखेने, जाळीची एकेक सळई. ट्रे धुतला. तेलाचा हात फिरवला. नळ्यांची तोंडं बारीक जाळीच्या तुकड्यांनी बांधून टाकली, म्हणजे पावसात कोणी पुन्हा आत जाणार नाही. मी म्हटलं दमलीस, आता बस. तिने ऐकलं नाही. दुपार झाली होती आणि ती सकाळपासून उपाशी होती. मीही तिला काही खायला आणून दिलं नाही. मला ते सुचलंच नाही, मी बघत राहिले होते.

पुढचं थोडक्यात आधी सांगून टाकते. तौकीरशेठ आणि त्यांच्या पत्नी तय्यबा रविवारी आले, चारी बर्नर पाहिले आणि खूश झाले. माती कोणी काढली हे त्यांना कळलं तेव्हा तय्यबा छायाशेजारी जाऊन बसल्या आणि कितीतरी वेळ तिच्याशी बोलत होत्या. शेगडी आता कोठीत विटांवर आहे. पाऊस अर्ध्याच्या वर सरला आहे. छायाची ती भीतीची वेळ मागे पडली, तपासणीत सगळं नीट आहे, पोट चांगलं दिसू लागलं आहे. कुंभारणीचं घर मोडलं त्याचं काय, असं विमलबाई आता विचारत नाहीत. मनात असेल. माझ्याही मनात आहे, मी खोटं कशाला सांगू? रोज संध्याकाळी त्या सुनेला पडवीत फेऱ्या मारायला लावतात आणि मला ओट्यावरून मोठ्याने वाक्यं म्हणायला लावतात, तिला कंटाळा येऊ नये म्हणून. मी म्हणते. या वयात मला रोजचा प्रयोग मिळाला आहे, आणि या घराने मला दिलेल्या अनेक गोष्टींतली ही एक.

पण पडदा मी त्या शनिवारच्या दुपारीच पाडणार आहे.

टेंपो फाटकाशी थांबला. येसाजी बोंबलांची मोळी खांद्यावर घेऊन पुढे, विमलबाई मागे, दोन्ही हातांत पिशव्या. पडवीत येताच त्या थांबल्या. शेगडी धुतलेली, तेल लावून चकाकत होती. शेजारी छाया पायरीवर बसली होती, कोपरापर्यंत काळी. मी काठीवर भार देऊन उभी होते.

विमलबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या, वाकून नळीत पाहिलं. पलीकडचा उजेड दिसला असणार.

"कोनी काढलं?" त्यांनी मला विचारलं.

"मी काढलं, आत्याबाई," छाया म्हणाली. "माईंनी नाय. मीच."

येसाजी मोळी खाली ठेवायची विसरले. विमलबाईंचा चेहरा मी आजवर इतका रिकामा पाहिला नव्हता. त्या नळाकडे गेल्या, ओल्या मातीकडे पाहिलं. एक कुंभारीण अजून तिथे फिरत होती. त्या परत आल्या.

"तुला कळत होतं काय ते?"

"कळत होतं."

"मंग?"

"तुमी भाजल्या असत्या."

"भाजले असते तर भाजले असते. म्हातारी हाय मी. माजं काय राहिलंय?"

छायाने मान वर केली. एक काळा हात पोटावर ठेवला. "मंग ह्याला आंगोळ कोन घालनार? मला येती का? पायावर घेऊन, तेल लावून, तुमच्यावानी? मी कुनाच्या जिवावर मागून घेतलंय हे?"

 विमलबाई सुनेसमोर उभ्या होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी पदराने तोंड पुसलं, एकदा, दोनदा. मग खाली वाकून त्यांनी छायाचा काळा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, कुठे भाजलंय का बघितलं. नंतर तिला दंडाला धरून उठवलं आणि नळाकडे नेत म्हणाल्या,

"उपाशी पोटानं लोखंड उचलत्यात का गं? चल, हात धू. सुकट आनलीय, भाकर टाकते, दोघी जेवू."